पुन्हा पाहिलेला चित्रपट : तुमचे अनुभव

२०१८ साली आलेला 'तुंबाड' तेव्हा जेमतेम चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. तेव्हा ज्यांनी तिकीट काढलं नव्हतं ते आले, ज्यांनी काढलं होतं तेही आले. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

जुने चित्रपट आपण सगळेच पुन्हा पाहतो. बहुतेक वेळा टीव्हीवर लागलाय म्हणून किंवा एखाद्या गाण्यापुरते. इथे मला वेगळं हवंय. एखादा चित्रपट पाहिलात, मधे बरीच वर्षं गेली आणि मग काहीही पुढे न ढकलता तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पाहिलात. या वेळी नजर कुणावर खिळली? पूर्वी दिसलंच नव्हतं असं काय दिसलं? गाजलेले चालतील, पडलेले तर हवेतच. एखादा मनातून उतरला असेल तर तेही मोकळेपणाने लिहा. फक्त 'आमच्या वेळी काय चित्रपट व्हायचे' यावर थांबू नका.

सुरुवात मीच करते.

'उंबरठा', १९८२. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा. शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहिला होता. स्मिता पाटीलची सुलभा नवऱ्याला आणि लहान मुलीला घरी ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून परगावी जाते. आमच्या घरातल्या बायकांना ते अजिबात रुचलं नाही. 'पोरीला टाकून गेली' यापलीकडे चर्चा सरकली नाही. मी स्वतः लहान होते, त्यामुळे माझी सगळी काळजी त्या मुलीसाठी.

पुढे मी नोकरीला लागले, तीही मुलींच्या निवासी संस्थेत. नंतर 'उंबरठा' पुन्हा पाहिला तेव्हा घरातले प्रसंग भराभर मागे पडले आणि सुधारगृहात मी अडकून राहिले. व्यवस्थापन समितीला फक्त वरवर सगळं शांत हवंय. आमदाराचा दबाव वेगळाच. आत राहणाऱ्या बायका नव्या बाईंना जोखतायत, कारण अशा बाई येतात आणि जातात. त्यांच्यातली कोण कशी इथवर आली हे चित्रपट घाई न करता सांगतो. दिवसभर राबून संध्याकाळी सुलभाच्या हातात एखादं खरमरीत पत्र नाहीतर खुलासा मागणारा कागद पडतो. हे सगळं मला इतकं ओळखीचं वाटलं की मी मधेच थांबवून पाणी प्यायले.

घर सोडण्याबद्दलचा चित्रपट म्हणून त्याची ओळख झाली, पण त्याचा बराचसा वेळ जातो तो संस्थेत. 'सुन्या सुन्या मैफलीत माझ्या' आपल्याला पाठ असतं, त्या सुधारगृहाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. शेवटी परत आलेल्या सुलभाला नवरा आपल्या दुसऱ्या संबंधाबद्दल सांगतो. गिरीश कर्नाडांनी तिथे ना आवाज चढवलाय ना अपराधी चेहरा केलाय. त्या समंजसपणाचा मला या वेळी फार राग आला.

आता तुम्ही लिहा.

*

मी छायाचित्रण शिकलो, त्यामुळे माझं सगळं चौकटीबद्दलचं आहे.

'कागज के फूल' (१९५९) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. म्हणजे पडदा उंचीच्या दुपटीहून जास्त रुंद. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो जुन्या, जवळजवळ चौकोनी टीव्हीवर पाहिलाय. पूर्ण पडदा भरावा म्हणून तेव्हा रुंद चित्रपटांच्या दोन्ही बाजू छाटल्या जायच्या. हिशेब केला तर चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जातो! म्हणजे मी शाळेत असताना जो पाहिला तो अर्ध्याहून थोडाच जास्त चित्रपट होता.

'वक़्त ने किया' आठवा. रिकामा स्टुडिओ, वरून तिरका उतरणारा प्रकाशाचा झोत, गुरुदत्त आणि वहिदा रेहमान एकमेकांपासून लांब. दोघांपैकी कुणीच ओठ हलवत नाही, आवाज गीता दत्तचा, पाठीमागून येणारा. तो झोत छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून उन्हाची तिरीप आत घेऊन मिळवला, हे मी नंतर शिकलो. पण त्या गाण्यात दोघांमधलं अंतर हाच सगळा मजकूर आहे, आणि ते अंतरच टीव्हीने खाल्लं होतं. एका महोत्सवात मोठ्या पडद्यावर पूर्ण रुंदीत पाहिला तेव्हा गाणं संपल्यावर शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंशी मी बोलायला लागलो, इतकं ते आत मावेना.

चित्रपट तेव्हा सपशेल पडला. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तचं नाव पडद्यावर कधीच आलं नाही. मूर्तींना मात्र त्याच कामासाठी फिल्मफेअर मिळालं. सगळाच चित्रपट निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. जॉनी वॉकरचं उपकथानक आजही लांबलेलं वाटतं, गोष्टीचा ताण तिथे सैल पडतो. तरी माझं आग्रहाचं सांगणं आहे: रुंद पडद्यासाठी काढलेला चित्रपट तुम्ही फक्त जुन्या टीव्हीवर पाहिला असेल, तर तो अजून बघायचा राहिलाय असं समजा.

*

वरच्यांना जोडून 'शोले'. आपण पाठ केलेल्या 'शोले'त शेवटी पोलीस येतात आणि ठाकूर गब्बरला त्यांच्या हवाली करतो. १९७५ साल, आणीबाणी, आणि सेन्सॉरने मूळ शेवट नाकारलेला. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला मारतो. ती प्रत मला बऱ्याच वर्षांनी पाहायला मिळाली. गब्बर मरतो आणि ठाकूर ढसाढसा रडतो. संजीव कुमारने सगळा चित्रपट जे आवळून धरलं होतं ते तिथे सुटतं. आता पोलीस येणारी प्रत लागली की मी शेवटची दहा मिनिटं बघत नाही.

*

'अशी ही बनवाबनवी'. १९८८. हसून हसून पाहिला, संवाद तोंडपाठ केले. मग घर सोडून शहरात भाड्याने राहायला लागलो. एकट्या मुलांना खोली न देणारे मालक भेटले. मित्राला चार दिवस ठेवून घेतलं म्हणून जागा सोडायला लागली. त्यानंतर बघितला तेव्हा लक्षात आलं की धनंजय मानेची सगळी धडपड डोक्यावर छप्पर मिळवण्यासाठी आहे. बायकांचे कपडे, खोटी लग्नं, हे सगळं एका खोलीसाठी! हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वर (१९६६) तो आधारलेला आहे, आणि तो हिंदी चित्रपट आज फारसा कुणाला आठवत नाही. वसंत सबनिसांनी लिहिताना गोष्ट इतकी इथली केली की मूळ शोधायची गरज कुणाला वाटली नाही. अशोक सराफ मालकासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या खांद्यात जो किंचित बाक येतो ना, तो बघा. विनोदी चित्रपटातला अभिनय आपण पुरेसा बघतच नाही.

*

मी डॉक्टर आहे. लहान मुलांच्या कर्करोगाशी रोजचा संबंध येतो. 'श्वास' (२००४) पाहिला तेव्हा शिकत होते.

'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला तो पहिला मराठी चित्रपट, म्हणून आम्ही वर्गातली सगळी मिळून गेलो होतो. डोळ्याचा कर्करोग झालेल्या नातवाला शहरात घेऊन आलेल्या आजोबांसाठी सगळ्यांसारखीच मीही रडले. अरुण नलावडे, त्यांचा तो हातातल्या पिशवीसकट गोंधळलेला चेहरा. डॉक्टर मात्र तोडून बोलणारा वाटला होता.

या वेळी मी त्याच डॉक्टरकडे बघत राहिले. संदीप कुलकर्णींनी त्याची घाई किती नेमकी पकडली आहे! बाहेर रांग आहे, समोरच्या म्हाताऱ्या माणसाला 'डोळे काढावे लागतील' हे कळेल अशा शब्दांत सांगायचंय आणि ते एकदा सांगून भागत नाही. शस्त्रक्रियेआधी मुलाला कल्पना द्या, हा त्याचा आग्रह तेव्हा मला क्रूर वाटायचा. आज मीही तोच आग्रह धरते. न सांगता मुलाला आत नेलं तर तो नंतर कुणावरच विश्वास ठेवत नाही. आणि काय सांगायचं हे डॉक्टरला माहीत असलं तरी कसं सांगायचं हे अमृता सुभाषच्या आसावरीला शोधावं लागतं. समाजसेविकेचं काम इतक्या आदराने दाखवणारा दुसरा चित्रपट मला पटकन आठवत नाही.

आजोबा मुलाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात तेव्हा डॉक्टरचा संताप मला आता समजतो. माझ्या विभागात असं झालं तर मीही अशीच भडकेन. आणि तरी आजोबांनी त्याला जे दाखवायला नेलं, ते चूक होतं असं माझ्याने म्हणवत नाही.

विषय निघालाय म्हणून एक गोष्ट सांगतेच. डोळ्याचा हा कर्करोग बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत दिसतो. मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट चमक दिसली, विशेषतः फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत, किंवा डोळा नव्याने तिरळा वाटला, तर लगेच नेत्रतज्ज्ञाला दाखवा. लवकर कळलं तर बहुतेक वेळा जीव वाचतो, बरेचदा डोळाही वाचवता येतो.

*

'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' माझ्या मनातून थोडा उतरला. दारू प्यायलेल्या रात्रीनंतर सकाळी राज सिमरनला 'काल बरंच काही घडलं' असं भासवतो, ती रडायला लागते. कॉलेजात असताना त्या प्रसंगाला आम्ही टाळ्या वाजवायचो. मुलीची आई झाल्यावर मला तो बघवला नाही. पण त्याच चित्रपटातली फरीदा जलालची आई आता केवढी मोठी वाटते. मुलीला आधी मन मारायला सांगणारी तीच बाई नंतर दागिने हातात देऊन पळून जा म्हणते. मला तिच्यावरचा आख्खा चित्रपट बघायला आवडला असता.

*

'सिंहासन' (१९७९). नोकरीला लागलो तेव्हा सरकारी कार्यालयातले ज्येष्ठ सांगायचे, बघच. बघितला. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा, कृष्णधवल, माणसांची गर्दी. कोण कुणाच्या गटात आहे यातच माझी दमछाक झाली. निवृत्तीनंतर निवांत पाहिला. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि डॉ. लागूंचा अर्थमंत्री यांच्यातला डाव या वेळी चांगला कळला, पण मी बघत होतो निळू फुल्यांकडे. खलनायक म्हणून ज्यांना शिव्या घातल्या तोच माणूस इथे दिगू टिपणीस हा पत्रकार होऊन प्रत्येक खोलीत असतो, सगळं ऐकतो आणि त्याच्या हातून काहीच बदलत नाही. शेवटचं त्याचं ते हसणं पूर्वी मला नाटकी वाटायचं. आता ते ऐकताना घशाशी येतं. इतका मोठा नट आपण किती वर्षं एकाच चौकटीत बसवून ठेवला!

*

शिक्षक आहे, थोडक्यात लिहितो. 'फँड्री'मध्ये शाळकरी जब्या घरच्यांबरोबर डुक्कर बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते आणि तिच्यावर महापुरुषांची चित्रं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेवटच्या दगडाने इतका हादरलो की भिंत लक्षातच राहिली नाही. दुसऱ्यांदा पाहिला त्या सुमारास आमच्या शाळेच्या भिंतीवर तीच चित्रं काढून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. नागराज मंजुळेंनी तिथे कॅमेरा थांबवून कुणाला दोष दिलेला नाही. बाबासाहेब, सावित्रीबाई भिंतीवर आहेत आणि जब्या समोरून ओझं घेऊन चाललाय, एवढंच. माझ्या वर्गात जब्या कोण आहे हे मला त्या आठवड्यात नव्याने बघावं लागलं.

*

कुणीच लिहिलं नाही म्हणून 'विहीर' (२००९). उमेश कुलकर्णींचा. 'वळू' आणि 'देऊळ' लोकांच्या लक्षात आहेत, हा मधला मात्र निसटला. लग्नघर, सुट्टी, समीर आणि नचिकेत हे नात्यातले दोन भाऊ, आणि मग नचिकेतचं विहिरीत जाणं. पुढचा सगळा चित्रपट समीर त्याला शोधतो. मी पाहिला तेव्हा विशीत होतो, आणि उत्तरार्धात फार काही घडत नाही अशी माझी तक्रार होती.

मग माझा जवळचा मित्र गेला. त्यानंतर जे महिने गेले त्यांत खरोखरच काही घडत नव्हतं. मी उगाच लांब चालत जायचो, कुणाशी धड बोलायचो नाही, आणि घरचे समजून घेऊन गप्प बसायचे. पुन्हा पाहिला तेव्हा समीरची ती भटकंती कुठेच लांबलेली वाटली नाही. कुणाला दुःखात बघायला सुचवावा असा तो आहे का, सांगता येत नाही. मला त्याने सोबत केली. गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांनी तो लिहिलाय, आणि मोठी माणसं आपापल्या कामांत असताना मुलांचं एक वेगळंच गंभीर बोलणं चालू असतं, ते त्यांनी फार खरं उतरवलंय.

*

पुन्हा बघायला चित्रपट उरला पाहिजे, ही बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय. 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे (१९१३) काही भागच उरले आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून डबे गोळा केले, म्हणून जे आहे ते आहे. उलट बाजूने 'मंथन' (१९७६) बघा. पाच लाख शेतकऱ्यांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून उभा राहिलेला तो चित्रपट २०२४ मध्ये नव्याने स्वच्छ करून कान महोत्सवात दाखवला गेला. मी ती प्रत पाहिली. स्मिता पाटीलच्या डोळ्यांतली जरब जुन्या धुरकट प्रतीत इतकी कधीच दिसली नव्हती.

घरात कुणाकडे दूरदर्शनवरून टेप केलेले मराठी चित्रपट असतील तर भंगारात देऊ नका. कॅसेटवरची चुंबकीय पट्टी ओलाव्याने खराब होते, बुरशी धरते. कोरड्या जागी, उभ्या ठेवा आणि जमेल तितक्या लवकर डिजिटल करून घ्या. कोणत्या चित्रपटाची चांगली प्रत आज कुठेच मिळत नाही, हे त्या कॅसेटच्या चिठ्ठ्या वाचल्याशिवाय कळणार नाही. नावं इथे लिहा, आपण यादी करू.