पहिलीच्या पोरांची सामायिक प्रवेश परीक्षा? डोकं ठिकाणावर आहे का?

कृष्णाकाठ (सांगली): सकाळी ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, जिल्ह्यातल्या सगळ्या खाजगी शाळांनी मिळून पहिलीसाठी एकच परीक्षा घ्यावी म्हणजे वशिला आणि डोनेशन बंद होईल. अहो ज्या पोराला अजून चड्डीची नाडी बांधता येत नाही त्याला मेरिट लिस्टला लावणार? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, त्याचं कलम १३ वाचा, पोराची काय आईबापाची पण चाळणी लावता येत नाही, पहिल्यांदा सापडले तर २५ हजारापर्यंत दंड, पुढं दर वेळी ५० पर्यंत. तरी एका शाळेत आमच्या पोरीला मॅडमनी केळ्याचं चित्र दाखवून विचारलं हे काय, पोरगी म्हणाली शिकरण. झालं, नापास. आमच्याकडं केळं शिकरणीतच दिसतं, तिचा काय दोष?

मिरजेचा_बाबा: शिकरण भारी 😂 पण तुम्हीच सांगताय ना, लपून घेतातच. टेस्ट म्हणत नाहीत, इंटरॅक्शन म्हणतात. माझ्या पोराला सीट नाही म्हणाले आणि आठ दिवसांनी बिल्डिंग फंडाची पावती फाडल्यावर बरोबर सीट निघाली. मार्क असते तर भांडता तरी आलं असतं. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं, तिथं पेपर देऊनच घेतात, कुणी बोंबलतं का?

गणितवाल्या_मॅडम: बाबा, ते सहावीला आहे हो. १२५ प्रश्न, ३०० मार्क, त्यात निम्मे गणिताला. आणि सैनिक, नवोदय यांना चाळणीतून सूट आहे, गल्लीतल्या शाळेला नाही. माझा क्लास आहे, चौथीची पोरं पहाटे सहाला डुलक्या देत गोळे रंगवतात. तुमची परीक्षा आली तर मोठ्या गटाची पण बॅच सुरू करावी लागेल. माझा धंदा दुप्पट होईल, तरी नको म्हणते.

मिरजेचा_बाबा: मग काय चिठ्ठ्या टाकायच्या?

कृष्णाकाठ: हो. आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांना सोडत चालते तर बाकीच्यांना काय धाड भरली?

मिरजेचा_बाबा: त्या २५ टक्क्यांचं नावच काढू नका. उत्पन्न लाखाच्या आत पाहिजे, माझी पगाराची स्लिप आडवी येते आणि शेजारचा द्राक्षबागायतदार दाखला काढून निवांत.

तासगावकर: द्राक्षवाल्यांवर घसरू नका, औषधाचं बिल भरून बघा एकदा. एवढं रडण्यापेक्षा झेडपीत घाला की पोरं, ना परीक्षा ना पावती.

विट्याचा_माग: झेडपीच्या गुरुजींची स्वतःची पोरं कुठं शिकतात ते विचारा आधी!! आमच्या गल्लीत तीन गुरुजी, तिघांच्या दारात इंग्लिश मीडियमची पिवळी व्हॅन.

झेडपी_गुरुजी: माझी मुलगी माझ्याच वर्गात बसते. दोन शिक्षक, पाच वर्ग, वर मतदार याद्या आणि खिचडीचा हिशेब. तुम्ही एक दिवस सांभाळून दाखवा.

विट्याचा_माग: तुमचं अपवादात गेलं. पगार घ्यायचा सरकारचा आणि भरवसा खाजगीवर, मग आम्ही काय येडे?

झेडपी_गुरुजी: तोंड सांभाळून बोला. तुमच्या मागावरचं कापड तुम्ही सोडून सगळं गाव घालतं का? पट कमी झाला की शाळेवर गदा येते, आणि पट कमी कोण करतं, तुम्हीच.

गणितवाल्या_मॅडम: विषय प्रवेश परीक्षेचा होता 🙏

मिरजेचा_बाबा: बरं बाबांनो, पहिलीला नको, चुकलं. पण पाचवीला घ्या. आणि पावतीचं कोण बघणार ते कलम १३ वाल्यांनी सांगावं.

कृष्णाकाठ: त्याच कलमात डोनेशन पण येतं, घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड. तक्रार करा की.

मिरजेचा_बाबा: पोरगं अजून त्यांच्याच शाळेत आहे राव.

विट्याचा_माग: गुरुजी, तुमची शाळा कुठल्या गावात? बायको विचारतीय.

झेडपी_गुरुजी: मेसेज करा, सांगतो. व्हॅन येत नाही, चालत यावं लागेल.

विट्याचा_माग: मग बघतो.