मदत हवी आहे: घरी 'बांबू' कॉकटेल जमवायचंय (शेरी + ड्राय व्हर्मुथ)

नमस्कार मंडळी,

शेरी, व्हर्मुथ आणि एकूणच कॉकटेलमधल्या जाणकारांची मदत हवी आहे.

आम्ही योकोहामात राहतो. पुढच्या महिन्यात आईबाबा नाशिकहून येतायत. ते इथे असतानाच नवऱ्याच्या ऑफिसमधल्या दोन-तीन कुटुंबांना जेवायला बोलवायचं आहे. जेवणाआधी हातात द्यायला मला बांबू करायचं आहे. शेरी (स्पेनची वाइन) आणि ड्राय व्हर्मुथ (वनस्पती-मसाले घातलेली कोरडी वाइन), वर बिटर्सचे, म्हणजे कडू अर्काचे थेंब, बस. व्हिस्की नाही, जिन नाही. त्यामुळे पानं मांडायच्या आधीच कुणी जड होत नाही आणि भूक मात्र खवळते.

बांबूच का, तर ते या गावचं आहे. १८९०च्या दशकात इथल्या बंदरावर ग्रँड हॉटेल होतं आणि लुई एपिंगर नावाचा मूळचा जर्मन माणूस, सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला, ते चालवायचा. बांबूचं श्रेय त्याला देतात. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात या नावाच्या शेरी-व्हर्मुथच्या पेयाचा उल्लेख १८८६ सालचाही सापडतो, त्यामुळे जन्म नेमका कुठला यावर वाद आहे. पण ते जगभर गेलं ते योकोहामाचं म्हणूनच. ग्रँड हॉटेल १९२३च्या भूकंपात गेलं. त्या भूकंपाचा राडारोडा समुद्रात टाकून केलेल्या भरावावर आज यामाशिता पार्क आहे. पार्कासमोरचं हॉटेल न्यू ग्रँड १९२७ साली उघडलं आणि तिथल्या बारमध्ये बांबू अजून मिळतं. मी पहिल्यांदा तिथेच प्यायले आणि प्रेमातच पडले.

तिथला बारटेंडर ते कसं करतो ते मी अगदी टक लावून पाहिलंय. काचेच्या मोठ्या भांड्यात बर्फ घेतो, त्यावर थोडं पाणी ओतून एकदा ढवळतो आणि ते पाणी सगळं काढून टाकतो. मग शेरी, व्हर्मुथ, बिटर्स. लांब दांड्याचा चमचा भांड्याच्या कडेकडेने फिरवतो, बर्फाचा आवाजसुद्धा होत नाही. छोट्या गार ग्लासात गाळतो, पिवळ्या लिंबाची नखाएवढी साल वर धरून दुमडतो आणि तेलाचे बारीक तुषार उडवतो. पहिल्या घोटाला भिजवलेले बदाम सोलताना येतो तसा वास, मग थोडा खारटपणा, आणि शेवटी संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. साखर नावालाही नाही.

घरी मी फिनो (कोरड्या जातीची) शेरी ४५ मिली, ड्राय व्हर्मुथ ४५ मिली, ऑरेंज बिटर्स दोन शिंतोडे आणि अँगोस्तुरा (मसालेदार चवीचं बिटर्स) एक शिंतोडा असं घेते. फ्रीजरच्या ट्रेमधला बर्फ घालून ढवळते. पण चव उतरत नाही. पेय बसकं लागतं, कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडल्यावर येतो तसला वास येतो, कडवटपणा वेगळा पडतो आणि निम्म्यावर आल्यावर नुसतं पाणचट. शेरी चांगल्या नावाची आहे. दोन्ही बाटल्या साधारण महिन्यापूर्वी उघडल्या आणि काचेच्या कपाटात, बाकीच्या बाटल्यांबरोबर ठेवल्या आहेत.

माझे प्रश्न: प्रमाण चुकतंय की शेरी बदलायला हवी? काही ठिकाणी फिनोऐवजी अमोंतियादो घ्या असं वाचलं, तर घरासाठी बरी कोणती? हे 'हलकं' म्हणतात ते नेमकं किती हलकं? बाबा एरवी एक छोटा पेग घेतात, त्यापेक्षा जास्त मला त्यांना द्यायची नाही. आणि शेवटचं, माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. बाबांची हयात द्राक्षबागेत गेली. ग्लास हातात घेतल्या घेतल्या ते विचारणार, द्राक्ष कुठलं, जमीन कसली, करतात कसं. त्यांना नीट सांगता आलं पाहिजे. कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, प्रमाणाकडे नंतर वळू, आधी त्या कपाटातली फिनो बाजूला काढा. वासाचं जे वर्णन केलंय ते उघडून बरेच दिवस झालेल्या फिनोचं आहे. ती वाया घालवू नका, मटण-चिकनच्या रश्श्यात किंवा मशरूम परतताना छान लागते, पण बांबूत नको.

कारण सांगतो, त्यातच तुमच्या बाबांचंही उत्तर येईल. शेरी स्पेनच्या दक्षिणेची, अंदालुसियातल्या कादिझ प्रांतातली. हेरेस, सानलुकार आणि एल पुएर्तो दे सांता मारिया ही तीन गावं. द्राक्ष पालोमिनो, पांढरं. खायला फिकं, आंबटपणा बेताचा, त्याची साधी वाइनही फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. जमीन मात्र बघण्यासारखी. अल्बारिसा म्हणतात तिला, खडूसारखी पांढरी, चुनखडीची. हिवाळ्यातला पाऊस ही माती पोटात धरून ठेवते, वरून उन्हात तिची खपली धरते आणि खालची ओल उडत नाही. त्यामुळे कोरडा उन्हाळा वेली त्याच ओलीवर काढतात. बागाईतदाराला हे एका वाक्यात कळेल.

रस आंबून वाइन झाली की तिच्यात द्राक्षाचाच स्पिरिट घालून ती साधारण १५ टक्क्यांवर नेतात. फोर्टिफाइड वाइन म्हणतात ती यामुळे. हा आकडा उगाच आलेला नाही. पिंपं पूर्ण भरत नाहीत, वर हवेला जागा ठेवतात, आणि तेवढ्या अल्कोहोलला वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय धरते. तिला फ्लोर म्हणतात. ती साय खालच्या वाइनला हवा लागू देत नाही, वर ग्लिसरिन वगैरे खाऊन टाकते, म्हणून फिनो इतकी कोरडी आणि जिभेला धार असलेली. तुम्हाला येतो तो बदामाचा वास, खारटपणा ही सगळी त्या सायीची करणी. १७ टक्क्यांच्या पुढे नेलं की साय जगत नाही, वाइन हवेच्या संगतीने मुरते, तपकिरी होते, ती ओलोरोसो. आणि काही वर्षं सायीखाली राहून मग साय गेल्यावर हवेत मुरलेली ती अमोंतियादो.

पिंपांची उतरंड असते. सगळ्यांत खालच्या ओळीतून थोडी वाइन बाटलीत भरायला काढायची, तेवढी वरच्या ओळीतून खाली घालायची, तिच्यात तिच्या वरच्या ओळीतून. नवी वाइन सगळ्यांत वर. खालचं पिंप कधीच पूर्ण रिकामं होत नाही. ही सोलेरा पद्धत. बाबांना हे कागदावर काढून दाखवा, फार आवडेल.

तर मुद्दा असा, की जन्मभर सायीखाली हवेपासून जपलेली ही वाइन गाळून बाटलीत येते तेव्हा साय मागे राहिलेली असते. बूच उघडलं की हवा लागलीच. उघडलेली फिनो फ्रीजमध्येच ठेवायची आणि आठवड्याच्या आत संपवायची. सानलुकारची मान्झानिया म्हणजे समुद्रकाठची फिनोच, तिलाही हाच नियम. व्हर्मुथ हीसुद्धा फोर्टिफाइड वाइनच, वनस्पती आणि मसाले घालून केलेली. तीही फ्रीजमध्येच, तिथे महिना-दोन महिने ठीक राहते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. प्रमाणाबद्दल लिहिते.

अमेरिकेकडच्या कृतीत शेरी आणि व्हर्मुथ निम्मं-निम्मं असतं, बहुधा तुम्ही तीच घेतली आहे. जपानी बारमध्ये सहसा शेरी दोन भाग, व्हर्मुथ एक भाग आणि ऑरेंज बिटर्सचा एकच शिंतोडा असतो. न्यू ग्रँडमध्ये तुम्हाला शेरी पुढे आणि कडवटपणा मागे लागला, त्याचं कारण हेच असणार. ६० मिली फिनो, ३० मिली ड्राय व्हर्मुथ करून बघा आणि अँगोस्तुरा सध्या काढून टाका. अँगोस्तुरातल्या लवंग-दालचिनीच्या अंगाच्या चवीपुढे फिनो दबते. अमोंतियादो घेतलीत तर मात्र निम्मं-निम्मं आणि अँगोस्तुराचा एक शिंतोडा दोन्ही चालतं, ती अंगाने भारदस्त असते. उघडल्यावर फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे तग धरते, म्हणून रोजच्या घरासाठी मी तिच्या बाजूची आहे. पाहुण्यांसाठी फिनोच करा. घेताना लेबलवर 'क्रीम' लिहिलेलं नाही ना ते बघा, ती गोड शेरी असते.

पाणचटपणा बर्फाचा. जिन-व्हिस्कीची कॉकटेलं थोडं जास्त पाणी पचवतात. इथे मुळात वाइनच आहे, त्यामुळे थोडंही जास्त पाणी लगेच कळतं. शेरी, व्हर्मुथ, ग्लास सगळं आधीपासून फ्रिजमध्ये गार ठेवा, म्हणजे गार करायला बर्फ कमी वितळतो. बर्फ मोठा, कोरडा आणि भरपूर घ्या. बारटेंडर बर्फावर पाणी ओतून काढून टाकतो ते वरचा चुरा आणि फ्रीजरचा वास निघून जावा म्हणून. तुम्ही पंधरा-वीस सेकंद ढवळून लगेच गाळा. शेक अजिबात करू नका, गढूळ होतं आणि पाणीही जास्त सुटतं.

हलकं किती, त्याचा हिशेब. १५ टक्क्यांची ६० मिली फिनो म्हणजे शुद्ध अल्कोहोल ९ मिली. १८ टक्क्यांचं ३० मिली व्हर्मुथ म्हणजे ५.४. एकूण १४.४ मिली. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे १२.८. ६० मिली जिन घातलेली मार्टिनी २६ मिलीच्या पुढे जाते. म्हणजे एक बांबू हे छोट्या पेगापेक्षा थोडं जास्तच आहे, कमी नाही. चवीला हलकं लागतं म्हणून लोक भराभर पितात, तेवढं सांभाळा. बाबांना ४५ आणि २० मिलीचं करून द्या, ते १०.४ मिली भरतं.

प्रतिसाद ३

वाचतोय, छान धागा. मी पुण्यात आहे. इथे व्हर्मुथ मोठ्या दुकानात दिसते, फिनो काही केल्या मिळत नाही. गोव्याहून आणलेली पोर्ट वाइन चालेल का?

प्रतिसाद २ लिहिणारीच

नाही चालणार. गोव्यात पोर्ट म्हणून स्वस्तात मिळते ती गोड लाल वाइन, तिच्यात बांबूला लागणारा कोरडेपणाच नाही. परदेशातून कुणी येणार असेल तर ड्यूटी फ्रीच्या २ लिटरमध्ये अमोंतियादोची एक बाटली मागवा, फिनोपेक्षा ती प्रवास आणि साठवण बरी सोसते. एरवी नुसतं व्हर्मुथच घ्या. स्पेनमध्ये रविवारी दुपारच्या जेवणाआधी लोक गोडसर लाल व्हर्मुथ बर्फावर, संत्र्याची फोड आणि ऑलिव्ह टाकून पितात. त्याच्यावर दुसरं काही करायची गरज पडत नाही. पुढेमागे फिनो हाती लागली तर त्याच लाल व्हर्मुथचा 'अडोनिस' करा: फिनो दोन भाग, लाल व्हर्मुथ एक भाग, ऑरेंज बिटर्स. न्यू यॉर्कमध्ये १८८४ साली आलेल्या आणि सहाशेच्या वर प्रयोग झालेल्या एका संगीत नाटकावरून त्याचं नाव पडलं. बांबूचाच तो जरा गोडसर भाऊ.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी ३७५ मिलीची फिनो आणून काल ६०-३०ने केलं, बाटल्या दुपारपासून फ्रीजमध्ये होत्या. जमीन-अस्मानाचा फरक! बदामाचा वास आला, खारटपणा आला. नवऱ्याने एक घोट घेतला आणि "हे तिथलंच आहे" म्हणाला. सायीबद्दलचा परिच्छेद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो पालोमिनोचं एकरी उत्पादन किती. ते शोधतेय.

आता एकच अडचण. आठ ग्लास आहेत. एकेक ढवळत बसले तर पहिल्याचं संपेपर्यंत शेवटच्याचं व्हायचं नाही. आधी करून ठेवता येईल का? आणि सोबत खायला काय ठेवू?

प्रतिसाद १ लिहिणारा

येईल, आणि या पेयाला ते शोभतंही, कारण यात आंबट रस नाही की सोडा नाही. फिनोची ७५० मिलीची बाटली त्याच दिवशी दुपारी उघडा. ४८० मिली फिनो, २४० मिली ड्राय व्हर्मुथ, १६० मिली पिण्याचं गार पाणी (बर्फ वितळून जेवढं आलं असतं तेवढं). ऑरेंज बिटर्सचे आधी सहाच शिंतोडे टाका, चव घेऊन वाटलं तर आणखी दोन. स्वच्छ लिटरच्या बाटलीत भरून बूच लावा आणि तीन-चार तास फ्रीजच्या सगळ्यांत गार कप्प्यात ठेवा. गार ग्लासात नुसतं ओतायचं. लिंबाची साल मात्र प्रत्येक ग्लासावर ताजी, आधी कापून ठेवलेली नको. बाबांचं वेगळं करायला नको, त्यांच्या ग्लासात ८० मिली ओता.

सोबत खारे बदाम आणि ऑलिव्ह. तिकडे कादिझमध्ये फिनोबरोबर पिठात घोळवून तळलेले छोटे मासे खातात, तेव्हा योकोहामाच्या बाजारात मिळतील ते लहान मासे आपल्या मांदेलीसारखे रवा लावून तळा. तिखट बेताचं ठेवा, जास्त तिखटापुढे फिनो नुसती गरम लागते. बाटलीत २७० मिली फिनो उरेल, ती माशांबरोबर तशीच गार वाढा.