मदत हवी आहे: बेळगावात बी.कॉम. करताना तत्त्वज्ञान कसं शिकता येईल?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) कॉमर्स. घरात बी.कॉम. आणि पुढे सीए असं ठरलेलं आहे. बी.कॉम. मला करायचंच आहे, पण जोडीला तत्त्वज्ञान हवं आहे. बाबा म्हणतात, "त्यानं पोट भरतंय होय?"

हे मनात कुठून आलं ते सांगते. परीक्षेनंतर एका कर सल्लागारांकडे टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकायला जात होते. एप्रिलमध्ये यंत्रदुरुस्तीचं एक बिल हातात आलं. तारीख ३१ मार्च. मागे मिस्त्रीनं पेन्सिलीनं लिहिलेलं, '५ एप्रिलला पट्टा बदलला'. म्हणजे खर्च नव्या आर्थिक वर्षाचा, दाखवायचा जुन्यात. मी विचारलं. "बिलावर आहे ती तारीख घाल," एवढंच उत्तर मिळालं. मी घातली. कंट्रोल-ए दाबलं, डेबिट-क्रेडिट जुळलं, व्हाउचर (व्यवहाराची नोंद) सेव्ह झालं. त्या रात्री झोप लागली नाही.

बँकेचं स्टेटमेंट आता थेट टॅलीत ओढता येतं, नोंदी करायला माणसं कमीच लागणार. ही तारीख खोटी आहे, हे फी देणाऱ्याच्या तोंडावर कारणांसह सांगणारं माणूस मात्र लागेल. मला तेव्हा सांगता आलं नाही. नीतिशास्त्र आणि तर्कशास्त्र त्यासाठीच शिकायचं आहे.

दोन कॉलेजांत विचारलं, कॉमर्सच्या मुलांना हा विषय नाही म्हणाले. २०२२ पासून यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) एक पदवी कॉलेजात बसून आणि दुसरी दूरस्थ, अशा दोन एकदम करायला मुभा दिली आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठातून तत्त्वज्ञान घ्यावं का? की पुण्याला जाऊन बी.ए.च करू? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

पोरी, मी उद्यमबागेत फौंड्रीचे हिशेब बघतो, २२ वर्षं झाली. अशी बिलं दर मार्चला येतात. तुला झोप लागली नाही हे चांगलं झालं.

बी.कॉम. सोडू नकोस. इग्नू घेतलंस तर पहिल्या वर्षी सीए फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) त्यात घालू नकोस, तिन्हींची ओढाताण होईल. एवढं झेपणार नसेल तर आधी बी.कॉम. पूर्ण कर. तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला बऱ्याच ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. तोवर तर्कशास्त्र घरी वाच, रोज थोडं.

ऑडिटमध्ये, म्हणजे हिशेब तपासणीत, तुला 'ट्रू अँड फेअर' हे शब्द भेटतील. हिशेबानं खरं आणि न्याय्य चित्र दाखवावं, असा अर्थ. 'ट्रू' तपासायला व्हाउचर असतं. 'फेअर' म्हणजे काय, यावर आमच्या वर्गात कुणी तासभरही बोललं नव्हतं.

बाबांना अमळनेरचं सांग. तिथलं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ मध्ये प्रताप शेठ यांनी उभं केलं, आणि ते गिरणीमालक होते. अर्थशास्त्राचा पाया घालणारे अ‍ॅडम स्मिथही ग्लासगोत नीतितत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. जेवताना बाबांना प्रताप शेठांचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, "फी किती पडते त्या इग्नूची?" बेळगावकडून कुणी प्रवेश घेतला असेल तर फी आणि परीक्षा केंद्र कळवाल का? इंग्रजीतली पुस्तकं मराठी माध्यमाच्या मुलीला पहिल्या वर्षी कितपत जड जातात, तेही सांगा.