बॅटरीच्या पाण्यासाठी डीआय प्लांट: विहिरीचं पाणी चालेल का?

फोंडेकर:
फोंड्यात माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. पावसात वीज सारखी जाते, बॅटरीच्या पाण्याला मागणी भरपूर. छोटा दोन टाक्यांचा डीआय प्लांट (पाण्यात विरघळलेले क्षार काढणारं यंत्र) घ्यायचा विचार आहे. विहीर जांभ्यातली. पाणी काढताना स्वच्छ, पण बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस साका बसतो. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मात्र ६०च. थेट सोडू का?

वेर्ण्याचा लॅबवाला:
थेट नको, दादा! तो साका लोहाचा. टाक्यांत क्षार पकडणारे रेझिनचे मणी असतात, त्यांच्यावर चढला की साध्या धुण्याने निघत नाही. आधी पाण्याला हवा लागू द्या, मग वाळूच्या फिल्टरमधून गाळा.
पहिल्या टाकीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम अडकतात आणि हायड्रोजन आयन सुटतात. दुसरीत क्लोराइड, सल्फेट अडकून हायड्रॉक्सिल. दोन्ही मिळून पाणीच होतं. रेझिन क्षारांनी भरली की पहिली टाकी हायड्रोक्लोरिक आम्लाने, दुसरी कॉस्टिक सोड्याने धुवायची. ते धुवण उदासीन केल्याशिवाय कुठेही ओतू नका, विहिरीजवळ तर नाहीच.

फोंडेकर:
मग ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं नळाचं पाणी घेतलं तर?

वेर्ण्याचा लॅबवाला:
चालेल, पण क्लोरीन रेझिनला खातो, आधी कार्बन फिल्टर हवा. आणि टीडीएस मीटरच्या शून्यावर विसंबू नका, पाण्यातून वीज किती वाहते ते मायक्रोसीमेन्समध्ये दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटर घ्या. अगदी शुद्ध पाणी २५ अंशांना ०.०५५ दाखवतं, बॅटरीला इतकं शुद्ध लागत नाही.

म्हापशेकर:
हे प्यायला चालतं का?

वेर्ण्याचा लॅबवाला:
त्यासाठी नाही. रेझिन क्षार काढते, जंतू मारत नाही. उलट पाणी साचून राहिलं तर मण्यांवरच जंतू वाढतात.