मदत हवी आहे: पासवर्ड तीनदा बदलला तरी नवा ॲडमिन तयार होतोय, साइट मोबाईलवर भलतीकडे जातेय

उदगीर_आडत
अर्जंट आहे. आडत दुकानाची साइट आहे. रोज सोयाबीन-तुरीचे भाव टाकतो, शेतकरी चौकशीचा फॉर्म भरतात. परवापासून फोन यायलेत की लिंक दाबली की जुगाराचं पान उघडायलंय. माझ्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित दिसतंय. युजरच्या यादीत एक अनोळखी ॲडमिन होता, तो काढला, पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी नवीन हजर. परत काढला, परत आला. आवक वाढायलीय, साइट बंद ठेवता येत नाही. काय करू ते सरळ सांगा.

गोदाकाठ
भाऊ, सरळ सांगायला आधी माहिती पाहिजे. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर) आहे का? फॉर्म कोणत्या प्लगिनचा (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सॉफ्टवेअरचा), त्याचं शेवटचं अपडेट कधीचं? होस्टिंग शेअर्ड (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) आहे का, त्याच खात्यात दुसऱ्या साइट आहेत का? बॅकअप कोणत्या तारखेचा? आणि नवा ॲडमिन नेमका किती वाजता तयार होतो? युजर टेबलात युजर_रजिस्टर्ड या रकान्यात वेळ असते. ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवून सांगा.

जालना_नेट
एसएसएल आहे का बघा. नसेल तर फुकटचं लेट्स एनक्रिप्ट लावा, कुलूप दिसलं की असले प्रकार थांबतात.

गोदाकाठ
नाही थांबत. एसएसएलनं वाटेतली माहिती झाकली जाते. इथं घाण साइटच्या डेटाबेसमध्ये बसलीय, ती कुलूप लावून पाठवली तरी घाणच पोचणार.

मांजराकाठ
वेळ घालवू नका. सगळ्या फाइल उडवा, नवीन वर्डप्रेस टाका, जुना डेटाबेस जोडा. तासाभराचं काम.

उदगीर_आडत
वर्डप्रेसच आहे, अजून काय असणार. प्लगिन चौदा आहेत. होस्टिंग शेअर्ड, साइट एकच. बॅकअप मागच्या महिन्याचा. ॲडमिनची वेळ काढली: तिन्ही वेळा सकाळी ९ ते ९:१५. मी ९ वाजता आल्यावर रात्रीच्या चौकशा बघतो, तेव्हाच. त्या वेळेला दुसरं कुणी लॉगिन नसतं.

देवगिरी_कोड
मग उत्तर तुम्हीच दिलंत. ॲडमिन तुमच्याच ब्राउझरमधून तयार होतोय. चौकशांचं पान आता उघडू नका, डॅशबोर्डमधून तर अजिबात नाही.

हा स्टोअर्ड एक्सएसएस आहे. कुणीतरी फॉर्ममधून मजकुराऐवजी स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) पाठवली, प्लगिननं ती जशीच्या तशी टेबलात ठेवली. तुम्ही यादी उघडता तेव्हा प्लगिन ती एस्केप न करता (खास चिन्हं निष्प्रभ न करता) छापतं आणि ब्राउझर ती चालवतो. तेव्हा तुम्ही ॲडमिन म्हणून आत असता. स्क्रिप्ट मागच्या मागे ‘नवा युजर’चं पान मागवते, त्यातला नॉन्स (विनंती खरी आहे हे तपासायचा कोड) वाचते आणि तुमच्या नावानं फॉर्म भरून टाकते. तिला पासवर्ड लागतच नाही, म्हणून तो बदलून फरक पडत नाही. लॉगिनची कुकी एचटीटीपी-ओन्ली असते, स्क्रिप्टला ती वाचता येत नाही. पण कुकी चोरायची गरजच कुठंय? साइटच्या दृष्टीनं विनंती तुमचीच आहे.

आधी फाइल मॅनेजरमधून प्लगिन्स फोल्डरात जा आणि फॉर्मच्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला, शेवटी ‘-बंद’ लावा. प्लगिन तिथंच बंद पडतं आणि डेटा टेबलात राहतो. डॅशबोर्डमधलं ‘डिलीट’ दाबू नका. बऱ्याच प्लगिनमध्ये काढताना टेबल पुसणारी फाइल चालते. चौकशा जातील आणि पुरावाही.

परळी_सर्व्हर
देवगिरी ताईंचं निदान बरोबर आहे, पण पहिला उपाय फायरवॉलच. वर्डफेन्स हे सुरक्षेचं प्लगिन टाका, असल्या विनंत्या दारातच अडतात.

देवगिरी_कोड
दादा, फुकटच्या वर्डफेन्सला फायरवॉलचे नवे नियम ३० दिवस उशिरा मिळतात. शिवाय स्क्रिप्ट टेबलात आधीच शिरलीय, आता दाराशी कुणाला अडवणार? पुढच्यासाठी जरूर लावा. आज त्याचा उपयोग नाही.

मांजराकाठ, तुमच्या उपायात ‘जुना डेटाबेस जोडा’ हीच अडचण आहे. फाइल कितीही नव्या टाकल्या तरी घाण डेटाबेससोबत परत येते आणि उद्या ९:१५ ला चौथा ॲडमिन उभा राहतो.

नांदेड_वेब
नव्या ॲडमिनचं नाव काय होतं? २०२४ मध्ये लाइटस्पीड कॅश या प्लगिनच्या ५.७.०.१ च्या आधीच्या आवृत्त्यांतलं असंच भोक वापरून ‘डब्ल्यूपीसप्प-युजर’ आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्फिगयुजर’ नावाचे ॲडमिन तयार केले जात होते. तिथं तर लॉगिनशिवाय स्क्रिप्ट ठेवता येत होती.

उदगीर_आडत
ते प्लगिन नाही आमच्याकडं. नाव साधंच आहे, माणसाचं वाटावं असं. फॉर्मच्या प्लगिनचं नाव सांगतो, ते...

देवगिरी_कोड
थांबा, नाव इथं टाकू नका. सगळ्यात नवीच आवृत्ती टाकलेली असेल आणि तरी हे होत असेल तर दुरुस्ती अजून आलेली नाही. उघड लिहिलं तर दुसऱ्यांच्या साइट आज रात्रीच अडचणीत येतील. लेखकाला आणि वर्डप्रेसच्या प्लगिन टीमला ईमेल करा. आवृत्ती, कोणता रकाना, कोणत्या पानावर चालते, एवढं द्या.

आता पीएचपीमायॲडमिनमधून (होस्टिंगवरचं डेटाबेस बघायचं साधन) त्या प्लगिनचं टेबल बघा. तिथं मजकूर एस्केप होऊन दिसतो, त्यामुळे धोका नाही. ‘स्क्रिप्ट’, ‘ऑनएरर’, ‘ऑनलोड’, ‘एसव्हीजी’, ‘फ्रॉमकॅरकोड’, ‘एटूबी’ या शब्दांची इंग्रजी स्पेलिंग शोधा.

उदगीर_आडत
बघितलं. नाव, गाव, मोबाईल, पिकाचा प्रकार, निरोप, सगळे रकाने साफ आहेत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितलं. निदान चुकलं वाटतंय.

गोदाकाठ
टेबलात रकाने किती आहेत? फॉर्ममध्ये दिसतात तेवढेच बघितलेत का?

उदगीर_आडत
अकरा आहेत. आयपी, ब्राउझर, तारीख, स्टेटस असलं काही आहे पुढं. ते आपोआप भरतं, शेतकरी थोडीच लिहितो.

देवगिरी_कोड
तिथंच असणार. ब्राउझर म्हणजे युजर-एजंट हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ), तो समोरचं यंत्र पाठवतं. एका ओळीच्या कमांडनं त्यात काहीही लिहून पाठवता येतं. आयपीचंही तसंच: प्लगिन खरा आयपी न घेता एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर घेत असेल तर तोही समोरच्याच्या हातात. लेखक फॉर्मचे रकाने नीट एस्केप करतात आणि हे ‘आपलेच’ म्हणून सोडून देतात. उजवीकडं सरकून बघा.

उदगीर_आडत
सापडलं. ब्राउझरच्या रकान्यात. चार ओळींत आहे, चारही एकाच दिवशी रात्री २ नंतरच्या. निरोपात नुसतं ‘हॅलो’. आता काय, ओळी उडवल्या की झालं?

मांजराकाठ
उडवा आणि प्लगिनमध्ये घेताना सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड लावा. टॅग निघून जातात, विषय संपला.

देवगिरी_कोड
नाही संपत. ते फंक्शन टॅग काढतं पण अवतरणचिन्हं ठेवतं. तीच किंमत इनपुटच्या व्हॅल्यूमध्ये छापली तर एका अवतरणचिन्हानं ॲट्रिब्यूट बंद होतो आणि मागं ऑटोफोकस-ऑनफोकस चिकटवता येतं. एकही टॅग न वापरता स्क्रिप्ट चालते. आणि घेताना लावलेली गाळणी आधी साठलेल्या ओळींना लागत नाही.

खरा बंदोबस्त छापताना. टॅगच्या मधे ईएससी_एचटीएमएल, ॲट्रिब्यूटमध्ये ईएससी_ॲट्र, दुव्यात ईएससी_यूआरएल. दुव्यात ईएससी_ॲट्र पुरत नाही, कारण ‘जावास्क्रिप्ट:’नं सुरू होणाऱ्या पत्त्यात एस्केप करण्यासारखं काही नसतं, तो तसाच सुटतो. थोडं एचटीएमएल ठेवायचं असेल तिथं डब्ल्यूपी_केएसईएस_पोस्ट.

मांजराकाठ
मग साठवतानाच एचटीएमएलस्पेशलकॅर्स लावून ठेवा ना, छापताना दहा ठिकाणी कशाला?

गोदाकाठ
कारण तीच माहिती पुढं एसएमएसला आणि एक्सेललाही जाते. तिथं अवतरणचिन्हाच्या जागी त्याचा कोड दिसतो. आणि टेबलच्या रकान्यात, ॲट्रिब्यूटमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये एस्केपची रीत वेगळी असते. साठवताना ती कुठं छापली जाणार हे माहीत नसतं.

औंढा_कॉलेज
याला जोडून विचारतो. आमच्या साइटवर विद्यार्थ्यांना काँट्रिब्युटर (लेख लिहून तपासायला देणारे) केलंय. त्यांना स्क्रिप्ट टाकताच येत नाही ना?

नांदेड_वेब
थेट नाही. काँट्रिब्युटर आणि ऑथरचा मजकूर केएसईएसमधून (वर्डप्रेसच्या एचटीएमएल गाळणीतून) गाळला जातो. एकेरी साइटवर बिनगाळ लिहिण्याचा हक्क फक्त एडिटर आणि ॲडमिनला. पण शॉर्टकोडच्या (लेखात चौकोनी कंसात लिहायच्या प्लगिनच्या खुणेच्या) कंसातली किंमत केएसईएसला साधा मजकूर वाटते. प्लगिन तीच किंमत न तपासता डिव्हच्या क्लासमध्ये जोडतं आणि तुम्ही लेख तपासायला प्रीव्ह्यू उघडला की त्यातली स्क्रिप्ट चालते. म्हणून गॅलरी, स्लायडर, बटण असले शॉर्टकोड देणारी प्लगिनं आधी तपासा. तुमचा वेगळा धागा काढा मात्र, इथं आडतवाले अडकलेत.

उदगीर_आडत
हो, माझं राहिलंय. ओळी उडवायच्या का?

देवगिरी_कोड
आधी पूर्ण डेटाबेसचा आणि फाइलचा आजचा बॅकअप घ्या, घाणीसकट. मग त्या चार ओळी काढा. त्यानं पुन्हा ॲडमिन होणं थांबेल. पण मोबाईलवर भलतीकडे जाणं थांबणार नाही, ते खोट्या ॲडमिननं आत येऊन केलंय. तुम्हाला दिसत नाही कारण असला कोड लॉगिन असलेल्याला वगळतो आणि बहुतेक वेळा मोबाईल किंवा गुगलवरून आलेल्यालाच पकडतो. मोबाईलवर लॉगिन न करता, गुगलमध्ये साइट शोधून तिथून उघडून बघा.

टर्मिनल असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-साधनाचं ‘कोअर व्हेरिफाय-चेकसम्स’ आणि ‘प्लगिन व्हेरिफाय-चेकसम्स’ चालवा, फाइल मूळ प्रतीशी जुळतात का ते कळतं. दुसरं फक्त वर्डप्रेसच्या भांडारातल्या प्लगिनवर चालतं, विकत घेतलेली हातानं नवी टाका. ‘स्किप-प्लगिन्स’ लावलं तरी एमयू-प्लगिन्स (आपोआप चालू राहणारी प्लगिनं) फोल्डरातल्या फाइल लोड होतातच, म्हणून ते फोल्डर आधी बघा. नेहमीच्या यादीत ते दिसत नाहीत. अपलोड्समध्ये पीएचपी फाइल सापडली तर ती तिथली नाहीच असं समजा.

युजर पडद्यावर बघू नका, टेबलात बघा. युजरमेटामध्ये ‘कॅपॅबिलिटीज’ असलेल्या किल्लीच्या ओळींत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ शोधा. पडद्यावरच्या यादीतून युजर लपवता येतो, टेबलातून नाही.

उदगीर_आडत
टेबलात तीन निघाले! पडद्यावर दोनच दिसायलेत. एमयू-प्लगिन्समध्ये एक फाइल आहे, आम्ही असलं काही टाकलेलं नाही. लपलेला ॲडमिन आणि ही फाइल, दोन्ही काढले. ऑप्शन्सच्या टेबलात विजेटमध्ये एक स्क्रिप्टचा दुवा आहे, तो पीएचपीमायॲडमिनमधून खोडू का?

गोदाकाठ
तसं खोडू नका. विजेटचा डेटा सीरिअलाइझ्ड असतो, प्रत्येक मजकुरापुढं त्याची बाइटमधली लांबी लिहिलेली असते. हातानं अक्षरं काढली की आकडा जुळत नाही आणि सगळं विजेट गायब होतं. डब्ल्यूपी-सीएलआयचं ‘सर्च-रिप्लेस’ लांबी नव्यानं मोजतं, ते वापरा. आधी ‘ड्राय-रन’, म्हणजे काही न बदलता चाचणी.

आणि जुना बॅकअप कधी परत लावायची वेळ आली तर कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची रीत) यूटीएफ८एमबी४ ठेवा. चुकून लॅटिन१ राहिला की मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत मराठी होत नाहीत.

लातूर_मार्केटयार्ड
साइट चालू झाली की भावापुढं ओलाव्याचा रकाना पण टाका. १२ टक्क्यांचा भाव लिहायचा आणि काट्यावर १६ निघाला की कपात, शेतकऱ्याला घरी कळत नाही.

परळी_सर्व्हर
तो विषय नंतर. भाऊ, सॉल्ट (लॉगिनच्या कुकीवर शिक्का मारणाऱ्या गुप्त किल्ल्या) बदललेत का? डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या आठही ओळी बदला, नाहीतर ‘कॉन्फिग शफल-सॉल्ट्स’ चालवा. सगळी उघडी लॉगिनं बाहेर पडतात. डेटाबेसचा पासवर्डही बदला, खोट्या ॲडमिनला ती फाइल वाचता आली असणार.

देवगिरी_कोड
बरोबर, आणि ॲप्लिकेशन पासवर्ड (बाहेरच्या ॲपला आत यायला दिलेले वेगळे पासवर्ड) विसरू नका. वर्डप्रेस ५.६ पासून प्रत्येक युजरच्या प्रोफाइलमध्ये खाली ते असतात. सॉल्ट बदलले, मुख्य पासवर्ड बदलला, तरी ते चालूच राहतात. तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये बघा. स्क्रिप्ट तुमच्या नावानं चालली, म्हणजे तिथंही एक करून ठेवला असू शकतो.

उदगीर_आडत
माझ्या प्रोफाइलमध्ये एक निघाला, मी कधी केलेला नाही. रद्द केला. सॉल्ट, डेटाबेस पासवर्ड, होस्टिंगचा पासवर्ड बदलला. सर्च-रिप्लेस झालं. माझ्या मोबाईलवर आता साइट नीट उघडते, पण एका शेतकऱ्याच्या मोबाईलवर अजून जुगारच.

नांदेड_वेब
कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी पानं. साइटच्या कॅश प्लगिनची, होस्टिंगची आणि मधे सीडीएन (साइटच्या प्रती ठेवणारी सेवा) असेल तर त्याचीही पुसा. त्यांना मोबाईलच्या ब्राउझरमधून साइटचा डेटा काढायला सांगा.

उदगीर_आडत
होस्टिंगची कॅश राहिली होती. पुसली, त्यांच्याकडंही उघडली. प्लगिन बंदच ठेवलंय, ईमेल दोन्हीकडं केला. रात्रीच्या अकरा चौकशा टेबलात अडकल्यात, त्यांना फोन करायचेत.

देवगिरी_कोड
पीएचपीमायॲडमिनमधून सीएसव्ही काढा, पण रकाने निवडून: नाव, गाव, मोबाईल, पीक, निरोप. ब्राउझर आणि आयपी घेऊ नका. फाइल उघडताना मोबाईलचा रकाना मजकूर म्हणून घ्या, नाहीतर एक्सेल सुरुवातीचं शून्य खातं. दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत साइटवर फॉर्मच्या जागी दुकानाचा फोन नंबर ठेवा.