प्रति: क्ष-किरण गुजरीतही आहेत
क्ष-किरणांचा सामान्य माणसाला उपयोग दवाखान्यापुरताच, हे म्हणणं पटलं नाही. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आजीचा साज (गळ्यातला पारंपरिक दागिना) मोडायला नेला, तर सराफाने कसोटीवर न घासता तो क्ष-किरणांच्या मशीनमध्ये ठेवला. थोड्याच वेळात सोनं, चांदी, तांबं यांचे टक्के पडद्यावर! क्ष-किरण अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतो, बाहेरचा त्या जागी येतो आणि सुटणारी ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोस्लीने १९१३ मध्ये हेच मोजलं होतं.

पण हे मशीन सोन्यात केसाच्या जाडीइतकंही खोल पाहत नाही. जाड मुलामा त्याला फसवू शकतो. आणि आपल्या साजाच्या पानांत लाख भरलेली असते, ती किती हे त्याला कळतच नाही. मोड देताना लाख समोर काढून मगच वजन करायला सांगा.