रशियन पोरांना ड्राफ्टमध्ये घ्यायला एनएचएलच्या टीम्स एवढ्या का कचरतात?

पकवेडा
बरीच वर्षं एनएचएलचा (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग) ड्राफ्ट, म्हणजे टीम्स आळीपाळीने तरुण पोरं निवडतात तो, बघतोय आणि दरवेळी एकच गोष्ट डोक्यात जाते म्हणून शेवटी इथे विचारतोय. 2023 चा ड्राफ्ट आठवा, कॉनर बेडार्ड पहिला जाणार हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण त्याच्यानंतर नुसता खेळ बघितला तर मात्वेई मिचकोवच असं कितीतरी जण म्हणत होते, तरी तो सातव्या नंबरपर्यंत खाली आला आणि फिलाडेल्फियाला मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी दानिला युरोव 24 वा गेला. आणि किरिल काप्रिझोव तर 2015 ला पाचव्या राउंडमध्ये, 135 वा!! आज त्याच्याकडे 8 वर्षांचं 13.6 कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट आहे. आता मला सांगा, टीम्सना खरोखर काही अडचण आहे की रशियन म्हणजे मनाला येईल तेव्हाच खेळणारा ही जुनी समजूत अजून जात नाहीये? मला तरी ही समजूतच कारण वाटते आणि त्या पोरांसाठी फार वाईट वाटतं, 18 व्या वर्षी तुमचा खेळ नाही तर पासपोर्ट बघतात.

निळी रेघ
समजूत आहेच, नाकारत नाही, पण खरी गाठ कॉन्ट्रॅक्टची आहे. स्वीडन, फिनलंड वगैरे देशांचा एनएचएलबरोबर ट्रान्सफरचा करार आहे, ठरलेली रक्कम क्लबला जाते आणि पोरगा मोकळा होतो. रशिया 2005 पासून या करारात नाही. म्हणजे केएचएलच्या (रशियातली मोठी लीग) क्लबबरोबर पोराचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर ते संपेपर्यंत बसून राहायचं, किंवा क्लबने स्वतःहून सोडायची वाट बघायची. मिचकोवचं एसकेए सेंट पीटर्सबर्गबरोबर 2026 पर्यंतचं होतं, ड्राफ्टच्या दिवशी टीम्सनी हेच गणित केलं की आज घेतला तर तीन वर्षं हातात काहीच नाही. (पुढे एसकेएने 2024 लाच सोडला आणि पहिल्याच सीझनला त्याने 26 गोल मारले, पण हे आधी कोणाला माहीत होतं?) मार्च 2022 नंतर तर एनएचएलने केएचएलशी बोलणंच थांबवलं, क्लबला फोन करून विचारायचीही सोय राहिली नाही.

अजून एक गोष्ट जी लोक विसरतात, फेब्रुवारी 2022 पासून रशियाच्या टीमला आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून बाहेर ठेवलंय, त्यामुळे ज्युनियर वर्ल्ड नाही, अंडर-18 नाही. स्काउटला आपल्या वयाच्या कॅनडा-स्वीडनच्या पोरांसमोर हा कसा खेळतो ते बघायलाच मिळत नाही, रशियातल्या लीगचे व्हिडिओ बघून पहिल्या राउंडचा पिक (निवडीची संधी) लावायचा. छातीत धडधडणारच की.

गोलीचा_दोस्त
आणि मिलिटरी? इवान फेदोतोवचं प्रकरण विसरलात का सगळे? सीएसकेए मॉस्कोचा गोली (गोलकीपर), मे 2022 ला फिलाडेल्फियाबरोबर सही केली आणि जुलै उजाडतोय तोच सेंट पीटर्सबर्गमध्ये उचलला, आरोप काय तर सैन्यातली सेवा चुकवली, आणि पाठवला कुठे तर पार उत्तरेला सेवेरोमोर्स्कला. सेवा संपवून आला तर परत सीएसकेएच्या नेटमध्ये उभा, आंतरराष्ट्रीय फेडरेशनने फिलाडेल्फियाचं कॉन्ट्रॅक्ट खरं धरलं तरी ते त्याला खेळवतच राहिले. शेवटी अमेरिकेत पोचला मार्च 2024 ला. तिकडे सक्तीच्या भरतीचं वय 27 पर्यंत होतं ते 2024 पासून 30 केलंय. त्या माणसाची जवळजवळ दोन वर्षं गेली हो, आणि गोलीसाठी ते वय म्हणजे ऐन भरातलं. म्हणून मी टीम्सना सरसकट दोष देणार नाही. ही भीती खरी आहे, आणि टीमपेक्षा पोराला जास्त आहे.

पकवेडा
फेदोतोवचं मान्य, ते वाचून तेव्हाही झोप उडाली होती. पण 2015 ला युद्ध कुठे होतं? तेव्हा काप्रिझोव 135 वा का गेला? आणि पनारिनला तर कोणी ड्राफ्टच केलं नाही, बोब्रोव्स्कीलाही नाही, आणि बोब्रोव्स्कीकडे आज दोन व्हेझिना (सर्वोत्तम गोलीचा पुरस्कार) आणि दोन स्टॅनले कप (एनएचएलचं विजेतेपद) आहेत. मग तेव्हाचं कारण काय होतं?

जुना_डेट्रॉइटवाला
तेव्हाचं कारण रादुलोव आणि कोवालचुक हे दोन रशियन खेळाडू. रादुलोव 2008 ला नॅशव्हिलशी कॉन्ट्रॅक्ट असताना रशियातल्या उफाच्या क्लबला निघून गेला, कोवालचुकने 2013 ला न्यू जर्सीचे 12 वर्षांचे 7.7 कोटी डॉलर सोडले आणि रिटायर होतो म्हणून सांगून एसकेएला गेला. वर 2012 चा पहिला पिक याकुपोव एडमंटनला चाललाच नाही. या दोन-तीन जणांचा हिशोब पुढच्या सगळ्या पोरांच्या नावावर मांडला गेला, हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. कॅनडाचे किती पहिल्या राउंडचे पिक फुकट जातात, पण त्यावरून कोणी कॅनडाची पोरं घ्यायचं थांबवत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे, जीएमची (कोणाला घ्यायचं ते ठरवणारा टीमचा जनरल मॅनेजर) खुर्ची. काप्रिझोवला घेतला तेव्हा मिनेसोटाचा जीएम चक फ्लेचर होता. पोरगा आला 2020-21 च्या सीझनला, तोपर्यंत फ्लेचर गेला, त्याच्यानंतरचा फेंटनही गेला, आणि सही गेरिनच्या काळात झाली. म्हणजे ज्याने झाड लावलं त्याला फळ नाही. मग ज्याला पुढच्या दोन वर्षांत प्लेऑफ दाखवायचाय तो जीएम पाच वर्षांनी येणाऱ्या पोरावर वरचा पिक का घालवेल? टीमच्या दृष्टीने रशियन पोरगा उलट सोयीचा, कारण स्वीडिश पोराचे राइट्स (त्याच्याशी सही करायचा टीमचा हक्क) 4 वर्षांत जातात आणि रशियन पोराचे मुदतीशिवाय राहत आलेत. टीम थांबू शकते, माणूस थांबू शकत नाही.

आणि ज्याला भीती नव्हती त्याचं काय झालं बघा. स्टीव्ह आयझरमन डेट्रॉइटचा कॅप्टन होता, 1997 चा कप त्याने फेदोरोव, लारिओनोव, फेतिसोव, कॉन्स्टँटिनोव, कोझलोव या पाच रशियनांसोबत जिंकला, त्यातला फेदोरोव 1989 च्या ड्राफ्टमध्ये 74 वा आणि कॉन्स्टँटिनोव 221 वा. हाच आयझरमन टॅम्पाचा जीएम झाल्यावर त्याने 2011 ला कुचेरोव 58 वा घेतला आणि 2012 ला व्हॅसिलेव्हस्की 19 वा, तोही गोली, जिथे लोक अजून जास्त घाबरतात. 2020 आणि 2021 चे दोन्ही कप टॅम्पाला याच दोघांच्या जोरावर मिळाले. ज्याने ड्रेसिंग रूममध्ये या लोकांबरोबर घाम गाळलाय त्याला स्काउटच्या रिपोर्टमधली ऐकीव वाक्यं खरी वाटत नाहीत, मला तरी यात योगायोग दिसत नाही.

निळी रेघ
जीएमच्या खुर्चीचा मुद्दा जबरदस्त, असा विचार केला नव्हता. फक्त एक, 2023 ला सहावा पिक ॲरिझोनाचा होता आणि त्यांनी मिचकोवच्या आधी दिमित्री सिमाशेव घेतला, तोही रशियनच, वर 12 वा दानिल बुत. म्हणजे मिचकोवच्या बाबतीत नुसता पासपोर्ट नव्हता, एसकेएचं ते लांबलचक कॉन्ट्रॅक्टही आड आलंच.

पकवेडा
सिमाशेवचं लक्षातच नव्हतं, बरोबर. पण मग मॉन्ट्रियल बघा, 2023 ला पाचव्या पिकला मिचकोव समोर असताना राइनबाखर घेतला, फॅन्स केवढे चिडले होते, आणि पुढच्याच वर्षी पाचव्याच पिकला इवान देमिदोव घेतला, तोही एसकेएचाच. एप्रिल 2025 ला तो आलासुद्धा. एका वर्षात त्या ऑफिसमध्ये काय बदललं? एसकेए मिचकोवला सोडतंय हे ड्राफ्टआधीच दिसायला लागलं होतं, त्याने धीर आला, की फॅन्सचा राग आठवला? मॉन्ट्रियल रोज फॉलो करणारं कोणी असेल तर लिहा प्लीज.